राणीनं कोणत्या हातानं वाढलं

चतुरा मोठीमाय सिनेमा पाहून आली, की दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतल्या चुली उशिरा पेटत, कारण बाया विहिरीवरच अडकून पडत. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची, उकंडरावांची बायको. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, कारंजा गावापलीकडचं जग तिनं पाहिलं नव्हतं, पण सिनेमावर मत द्यायला ती कोणाची भीड ठेवत नसे. रिकामी घागर काखेत धरून ती सुरू होई.

"राणी रडली म्हंतात. डोळ्यातून टिपूस नाई! कामरगावात कोनालेही मागतला असता तं एक कांदा नसता का देला?"

"अन् वनवासाले निघाली तं भाकर बांधून नाई घेतली. नथ मात्र नाकातच. जंगलात कोन पाहाले येनार होतं?"

"साधू बारा वर्सं हवा खाऊन राह्यला म्हंतात. हवेनं इतकं पोट सुटत असन तं आपनही हवाच खाऊ."

ही गोष्ट तीस-एकतीस सालची. कापूस निघून गेला होता, लोकांना उसंत होती, आणि कामरगावच्या बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू येऊन उतरला होता. बोलका सिनेमा आमच्याकडे यायचा होता. चित्रं मुकी असत, मधूनमधून अक्षरं उमटत, आणि ती अक्षरं तंबूवाल्यांचा एक माणूस पत्र्याच्या भोंग्यातून ओरडून वाचे. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा होता. पडद्यासमोर पुरुष बसत आणि पडद्यामागं बाया. आमच्या बाजूला चित्र नीट उतरावं म्हणून खेळाआधी पडद्यावर बादल्यांनी पाणी मारत. बायांना खेळही मिळे आणि थोडी आंघोळही.

पहिल्याच खेळानंतर मोठीमायचं आणि मोठेबाबांचं, म्हणजे उकंडरावांचं, जुंपलं. साधूला राणी जेवायला वाढते, असा एक देखावा होता. मोठेबाबा म्हणाले, राणीनं उजव्या हातानं वाढलं. मोठीमाय म्हणाली, डाव्या. दोन दिवस त्या घरात या एका गोष्टीवरून भांडण चाललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजीत मीठ पडलं नाही, तेव्हा मोठेबाबांना राणी डावखुरी असल्याचं पटलं.

तिसऱ्या दिवशी भर खेळात मोठीमायनं माझं मनगट धरलं, कनात उचलली आणि मला बाहेर ओढलं. तंबूला वळसा घालून आम्ही पुरुषांच्या बाजूला गेलो आणि कनातीच्या फटीला डोळा लावला. राणी वाढत होती. उजव्या हातानं. तशाच पळत परत आलो, तर साधूनं आणखी मागितलं होतं आणि राणी पुन्हा वाढत होती. डाव्या हातानं! कापड एकच, पण आमच्या बाजूनं सगळं उलटं दिसत होतं. मोठीमायनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि पोट धरून हसली.

"रंगू, कोनाले बोलू नको बरं," ती म्हणाली. "कामी पडन."

रंगू म्हणजे मी. कामी कशाला पडणार, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं, कारण मी डावखुरी होते. आजही आहे, हे लिहितेय तेही डाव्याच हातानं. पण त्या काळी डावखुरी मुलगी म्हणजे घरावरचं संकट. माझ्या बापानं, जानरावांनी, वर्षभर माझा डावा हात चिंधीनं कमरेला बांधून ठेवला होता. शाळेत मास्तरांनी त्याच हातावर छड्या मारून चौथीपर्यंत आणलं. मला त्या दोघांचाही राग होता, आणि खरं सांगायचं तर अजून पुरता गेलेला नाही. पंधरावं लागलं तोवर तीन स्थळं येऊन गेली. पोरगी डाव्या हातानं वाढते म्हटल्यावर माणसं पाणी पिऊन उठत. जिच्या हातचं जेवायचं तिचा तोच हात, असं म्हणून नाक मुरडत. आता एकच स्थळ उरलं होतं, रिसोडच्या दौलतरावांच्या मुलाचं. ते मोडलं तर बापानं मला मानोऱ्याकडच्या एका बिजवराला द्यायचं ठरवलं होतं. बिजवराला तीन मुलं होती आणि थोरली माझ्याहून दोन बोटं उंच होती. मी रात्रंदिवस त्या थोरलीचा विचार करत होते.

दौलतराव आणि त्यांची बायको रुख्मिणीबाई बैलांची दमणी जोडून दोन दिवसांची वाट तुडवत आले. पाहुण्यांना मी वाढायचं, असा रिवाज. माझ्या मायनं सकाळपासून बजावलं होतं, उजवा, उजवा. कढी उजव्या हातानं गेली. भातही गेला. वरणाची पळी मात्र उजव्या हातात लटपटली आणि वरण दौलतरावांच्या धोतरावर सांडायला लागलं. ते सावरायला डावा हात आपोआप पुढं झाला, पळी त्यानं घेतली, आणि मग घेतलीच आहे तर त्यानं सगळ्या पंगतीला झकास वाढून टाकलं. शेवटच्या पानाशी पोहोचले तेव्हा ओसरीत कोणी जेवत नव्हतं.

दौलतराव ताटावरून उठले. "पाटील, आमी उद्या पहाटं निंगतो," एवढंच माझ्या बापाला म्हणाले. बाप माझ्याकडे असा पाहत होता, की मी चुलीमागं जाऊन बसले आणि रडले. कांदा लागला नाही.

तेवढ्यात मोठीमाय आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिला कधीच कोणी बोलवावं लागत नसे.

"पहाटं जा, कोन नाई म्हंते?" ती दौलतरावांना म्हणाली. "पन बैल थकले, आज तं इथंच राहा लागते. आज तंबूतला शेवटचा खेळ हाय. रिसोडले गेल्यावर लोक इचारतीन, कामरगावात सिनेमा होता, पाह्यला का? तं काय सांगसान?"

दौलतरावांनी सिनेमा पाहिलेला नव्हता. राग होता, पण उत्सुकता रागाहून मोठी होती. ते मोठेबाबांबरोबर पुरुषांच्या बाजूला गेले. रुख्मिणीबाईंना मोठीमायनं आपल्या शेजारी बसवलं, अगदी पडद्याला खेटून. मला मागं बसवलं होतं. मी खेळ पाहिलाच नाही. राणीचा हात कधी पुढं येतो आणि रुख्मिणीबाईंचं डोकं कसं हलतं, एवढंच पाहत होते. राणीनं डाव्या हातानं वाढलं. साधू जेवला, उठला आणि त्यानं राणीच्या डोक्यावर हात ठेवला. तोही डावा. रुख्मिणीबाईंचं डोकं जराही हललं नाही.

सकाळी दमणी जोडायच्या आत चहा झाला. ओसरीत दौलतराव, माझा बाप, मोठेबाबा आणि पाहुण्यांना निरोप द्यायला आलेले मास्तर बसले होते. उंबऱ्याच्या आत आम्ही बाया, आणि परसदारी शेजारच्या सात-आठ जणी सहज म्हणून जमल्या होत्या. इतक्या सकाळी इतक्या जणी सहज जमत नाहीत, पण पुरुषांच्या ते ध्यानात येत नाही.

"कसा वाटला खेळ, बाई?" मोठीमायनं विचारलं.

"बरा होता," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "लढाई लांबली. घोडे चांगले होते. राजा मले काई पटला नाई, बायकोचं आयकून न घेता वनवासाले धाडते, असा कसा राजा? राणी मात्र गुनाची. साधूले कसं मायेनं वाढलं, डाव्या हातानं!"

"उजव्या," दौलतराव म्हणाले.

"डाव्या," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"मी काय आंधळा हाय? उजव्या!"

परसदारातून सात-आठ आवाज एकदम आले, "डाव्या व माय, डाव्याच!" ओसरीतून माझा बाप म्हणाला, उजव्या. मोठेबाबा खोकले. त्यांना अळणी भाजी आठवली असावी, त्यांनी मत दिलंच नाही.

तेव्हा मास्तर पुढं सरसावले. माणूस शिकलेला, त्यांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून उजेडासमोर धरला. "हे पाहा, यात वादाचं काही कारण नाही. हा समजा पडदा. आता बायकांच्या बाजूनं पाहिलं, की..."

मास्तरांचं वाक्य पुरं झालं असतं, तर मी मानोऱ्याला गेले असते.

"थांबा, मास्तर," मोठीमाय म्हणाली. "बायाइच्या बाजूनं कसं दिसते, हे तुमाले कसं ठाऊक?"

मास्तरांचा रुमाल तसाच हवेत राहिला.

"तुमी आलते का आमच्या बाजूले? आमी अंधारात बसून राहतो, डोक्यावरचा पदर खाली येते, लेकराले पाजतो. आन् तुमी..."

"नाही, नाही! मी फक्त तर्कानं सांगतोय."

"तर्कानं! पन्नास बाया डोळ्यानं पाह्यलं म्हंतात, आन् हे तर्कानं सांगून राह्यले."

"मास्तर," दौलतरावांनी गंभीर होऊन विचारलं, "गेलते का खरंच?"

मास्तर लाल झाले. त्यांनी रुमाल खिशात कोंबला, टोपी घातली आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघाले. तो रविवार होता.

त्यानंतर पडद्याच्या मागच्या बाजूबद्दल तोंड उघडायची एकाही पुरुषाची छाती झाली नाही. दौलतरावांनी तंबूवाल्यांनाच विचारू म्हणून माणूस धाडला, पण तंबू पहाटेच गाड्यांवर लादून गेला होता. मोठीमायला ते आदल्या दिवशीच माहीत होतं.

शेवटी रुख्मिणीबाई उंबऱ्याशी आल्या. "राणीनं डाव्या हातानं वाढलं, साधू जेवला, वरून आशीर्वाद देला. आता मले एवढंच सांगा, तुमी साधूपेक्षा मोठे हाय का?"

दौलतरावांनी धोतरावरच्या वरणाच्या डागाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि एव्हाना जोडलेल्या दमणीचे बैल सोडायला सांगितले. त्याच महिन्यात माझं लग्न झालं. पुढं सासऱ्यांनी माझ्या डाव्या हातचं पोटभर खाल्लं. इतकंच नाही, तर आल्यागेल्याला कौतुकानं सांगू लागले, "आमच्या सुनेचा हात राणीचा हाय."

मी मात्र चोरासारखी राहत होते. मास्तर सोडले, तर गुपित दोघींनाच ठाऊक, मला आणि मोठीमायला. सासूबाई माझ्याशी जितक्या मायेनं वागत, तितकं मला टोचे. या माउलीला आपण फसवलं, असं वाटे.

चौदा वर्षांनी रिसोडला बोलक्या सिनेमाचा तंबू आला. आता मधला पडदा गेला होता. बाया पुरुषांच्याच बाजूला, दोरी लावून वेगळ्या बसत. घरची सगळी गेलो. खेळात नेमकी एक राणी निघाली आणि तिनं पाहुण्यांना वाढलं, ढळढळीत उजव्या हातानं. दोरीपलीकडून सासऱ्यांचा आवाज आला, "अवो, हे राणी उजव्या हातानं वाढून राह्यली!"

"बोलता सिनेमा हाय," सासूबाई दोरीवरून म्हणाल्या. "आता सगळंच बदललं." सासरे पुढचा खेळ पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. सासूबाई शेजारी बसल्या आणि सिनेमावर मतं देऊ लागल्या. गाणी फार, राजा बारका, राणीची नथ मात्र छान. मग सहज म्हणाल्या, "ही नथ डाव्या नाकपुडीत होती, नाई का? तुह्या कामरगावच्या राणीची उजव्या नाकपुडीत होती."

माझ्या हातातली भाकरी काठवटीत पडली. "तुमाले माहीत होतं?"

"नथ कोन्या नाकपुडीत घालतात, हे बाईले समजत नाई का, व? पदर उजव्या खांद्यावर, नथ उजव्या बाजूले. म्या म्हटलं, ह्या कापडात काईतरी गडबड हाय."

"मंग तुमी बोलल्या काहून नाई?"

"आठ पोरी पाह्यल्या होत्या तुह्या सासऱ्यानं. कोनी काळी, कोनी ठेंगनी. दमणीत बसून बसून माही कंबर गेलती. आन् तुह्या वरनाले चव होती." त्यांनी पडलेली भाकरी उचलून माझ्या हातावर ठेवली. "थाप आता, काठवटीत सुकून राह्यली."

पुढच्याच महिन्यात माहेरी गेले आणि आधी मोठीमायचं घर गाठलं. ती अंगणात तूर पाखडत होती. केस पांढरे झाले होते, जीभ तशीच होती. मी धापा टाकत सांगितलं, की सासूबाईंना पहिल्यापासून सगळं माहीत होतं.

"मंग? बाईच हाय ना ते," मोठीमाय म्हणाली. तिचं सूप थांबलं नाही.

"पन आपन तं तंबूले वळसा घालून पाह्यलं, तवा कुठं कळलं!"

"तुले कळलं. म्हनून तं तुले घेऊन गेली मी. पन्नास बाया होत्या तंबूत, पन्नासइच्या नाकाले भोक. पह्यल्या दिवशीच सगळ्याइले दिसलं. राणी म्हनजे बाप्या हाय, हे बी दिसलं, चालनं पाह्यलं नाई का त्याचं? वखरामागं चालते तसा. त्या सकाळी परसदारी कायले जमल्या होत्या त्या? तुह्यासाठी."

मी तिथंच तुरीच्या ढिगाशी बसले. त्या सात-आठ जणी एकेक करून डोळ्यांपुढं आल्या. एकीनंही कधी मला कळू दिलं नव्हतं, चौदा वर्षांत एका शब्दानं उपकार दाखवला नव्हता.

"मंग मलेच कसं दिसलं नाई?" मी विचारलं. "माहंही नाक टोचलेलं होतं."

मोठीमायनं सूप खाली ठेवलं आणि माझा डावा हात आपल्या हातात घेतला.

"तू नाक कवा पाह्यलं, बाई? तू हातच पाहून राह्यली होती."