बबनभाऊ हसतमुख नव्हते

बबनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नव्या डिस्कचं पहिलं खोकं उघडत होते. सकाळचे साडेअकरा झाले असतील. फोन त्यांच्या मुलीचा, सुनीताचा. "ताई, आमचे आप्पा गेले," ती म्हणाली. गोठ्यातून येऊन ओट्यावर टेकले आणि उठलेच नाहीत... मी खोकं पुन्हा बंद केलं. त्या दिवशी ते उघडणं मला बरोबर वाटेना.

चार दिवसांनी ऑफिसात शोकसभा झाली. लोणावळ्यातलं आमचं ऑफिस लहान, वीस-बावीस माणसांचं. आमचे प्रमुख समीरसर म्हणाले, "बबनभाऊ म्हणजे कायम हसतमुख. कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. चार लोकांत बोलायची वेळ आली की मी मान हलवून मोकळी होते, अगदी शाळेपासून. पण त्या मान हलवण्याची मला अजून लाज वाटते, कारण त्या बोलण्यातलं काहीच खरं नव्हतं. बबनभाऊ हसतमुख नव्हते. आणि 'नाही' म्हणणं हेच तर त्यांचं काम होतं.

आमची कंपनी रुग्णवाहिका, दुधाचे टँकर, मालाचे ट्रक या क्षणी कुठे आहेत याची नोंद ठेवते. प्रत्येक गाडी दर काही सेकंदांनी आपला ठावठिकाणा कळवते, म्हणजे नोंदींचा लोंढा कधी थांबतच नाही. एका मशीनला तो झेपत नाही, म्हणून डेटाबेस बऱ्याच मशीनवर पसरलेला असतो आणि प्रत्येक नोंद तीन ठिकाणी लिहिली जाते. त्या मशीनमध्ये नोंदी साठवायला कोणत्या डिस्क घालायच्या हे ठरवायचं काम मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी मिळालं. बबनभाऊ होते बॅटऱ्या आणि जनरेटर बघायला. पवन मावळातलं गाव, आयटीआयचे इलेक्ट्रिशियन, तळेगावचा कारखाना बंद पडल्यावर आमच्याकडे आलेले. कागदोपत्री त्यांचं पद 'मदतनीस' होतं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं.

मी आठवडाभर बसून पंधरा डिस्कचा तक्ता केला होता, वेगानुसार लावलेला. सगळ्यात वर होती ती स्वस्तही होती, त्यामुळे मी खूश होते. बॅटऱ्या बघायला आलेले भाऊ माझ्या टेबलाशी थांबले.

"ह्यो येग कुनी मोजला?"

"कंपनीनेच दिलाय, भाऊ. वेबसाइटवर आहे."

"म्हंजी बैल इकनाराच म्हनतोय, बैल लय गुनाचा."

मी हसले. ते हसले नाहीत. "किती येळ मोजला? पयली धा मिन्टं? आपल्याकडं तर लिवनं थांबतच न्हाई. हिला तीन दिस लिवायला लावा, मंग सांगा मला."

खरं सांगायचं तर मला राग आला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली इंजिनीअर, आणि जनरेटर बघणाऱ्या माणसाने मला हे सांगावं... तरी मी ती डिस्क नमुन्याला आलेल्या बाकीच्या डिस्कसोबत लिहायला लावली, मुख्यतः भाऊ चुकतायत हे दाखवायला. अर्ध्या तासात तिचा वेग पाव झाला. झटपट लिहिण्याची तिची जागा थोडीशीच होती. ती भरली आणि डिस्क धापा टाकायला लागली. संध्याकाळपर्यंत तक्त्यातली नववी डिस्क तिच्या पुढे गेली होती, सावकाश पण एका चालीने. "भाताच्या आवणीला रांगेतला एक गडी मागं ऱ्हायला की समद्यांनाच खोळंबावं लागतं," भाऊ म्हणाले. आमच्या डेटाबेसचंही तसंच आहे. एक डिस्क मंदावली की बाकीच्या तिच्यासाठी अडून बसतात. मी दुसऱ्या दिवशी तक्ता नव्याने लावला.

पण भाऊ घ्यायचे ती डिस्कची खरी परीक्षा वेगळीच होती. डिस्क लिहिण्याच्या ऐन भरात असताना ते मशीनची विजेची वायर ओढायचे, बेधडक. मग पुन्हा वीज देऊन बघायचं, की डिस्कने 'लिहिलं' म्हणून कळवलेल्या नोंदींपैकी खरोखर सापडतात किती. काही डिस्क नोंद नुसती हातात घेतात आणि लिहून झालं असं सांगून मोकळ्या होतात. वीज गेली की हातातलं सगळं सांडतं. चांगल्या डिस्कमध्ये हातातलं उतरवून ठेवण्यापुरती वीज राखायची सोय असते, पण ती आहे असं छापणं वेगळं आणि ती असणं वेगळं. जनरेटर आहे ना, असं कुणी म्हटलं की ते विचारत, "जनरेटर कोन बगतो? मीच ना? मंग मीच सांगतोय, त्यो बी दगा देतो." नापास डिस्कपुढे ते वहीत दोनच शब्द लिहायचे... खोटं बोलती.

ते चुकतही. एकदा एका विक्रेत्याची अख्खी खेप त्यांनी परत पाठवली. दोन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की दोष तपासणीच्या केबलचा होता. त्या विक्रेत्याला बोलावून सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माजी. केबल माजी. आना परत तुमचा माल." तो इतका गोंधळला की चहा न घेताच निघाला.

पुढे मोठ्या ग्राहकांना ही तपासणी 'आमची पद्धत' म्हणून दाखवली जाऊ लागली, समीरसरांच्या नावाने. एका बैठकीत भाऊंना वायर ओढून दाखवायला बोलावलं. दीड तास ते भिंतीशी उभे होते. खुर्ची कुणी दिली नाही. मीही दिली नाही, आणि मी समोरच बसले होते. नंतर मी त्यांना विचारलं, "भाऊ, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. वाटायला काय पैशे पडत्यात?" मग जरा थांबून म्हणाले, "तुमी बोलत जा, ताई. तुमाला विंग्रजी येतं, तुमचं आयकत्यात."

मी नुसती मान हलवली.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी समीरसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नवी मशीन महिनाअखेर सुरू करायची होती आणि डिस्कची ती खोकी तशीच पडून होती. "बसवून टाक," सर म्हणाले. "तीन दिवस घालवायची गरज नाही, नावाजलेला माल आहे. बबनभाऊंची ती एक सवय होती, आपण चालवून घेतली." त्यांनी तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. भाऊ मदतनीस, म्हणून त्यांच्या तपासणीवर सही कायम माझी असायची. आता तपासणीशिवायच सही हवी होती.

"मी सही करणार नाही, सर."

"काय?"

"आधी तीन दिवस लिहू दे. मग वायर ओढते. मग करते."

"आणि उशीर झाला तर ग्राहकाला उत्तर तू देणार?"

"देईन."

माझा आवाज कापत होता. मी तो कापू दिला.

तीन दिवस डिस्क लिहीत राहिल्या. चौथ्या दिवशी मी एकेका मशीनची वायर ओढली. सर दारात येऊन उभे राहिले, त्यांना मी खुर्ची दिली. बहुतेक डिस्कच्या नोंदी तंतोतंत जुळल्या. दोन डिस्कच्या जुळल्या नाहीत. केबल बदलून पुन्हा केलं, तरी त्याच दोन. त्या परत गेल्या, मशीन आठवडाभर उशिरा सुरू झाली, आणि सर त्याबद्दल माझ्याशी अजून नीट बोललेले नाहीत. सगळ्या डिस्क पास झाल्या असत्या तरी मी हा लेख असाच लिहिला असता. बरोबर ठरण्यासाठी भाऊंना दोन नापास डिस्कची गरज नव्हती.

ग्राहकाकडे जाणाऱ्या अहवालात 'तपासणी पद्धत' असा एक रकाना असतो. आजवर त्यात कंपनीचं नाव जायचं. या वेळी मी तिथे बबनभाऊंचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्यापुढे त्यांचं पद.

"नाव राहू दे हवं तर," सर म्हणाले, "पण मदतनीस काढ. वाचून ग्राहक काय म्हणेल?"

मी काढलं नाही. कंपनीने त्यांना जे दिलं तेच तिथे आहे. मदतनीस म्हणजे काय, असं ग्राहकाने विचारलंच, तर सांगायला मी आहे.