उद्या एकेक बुढा घेऊन या

"यातला म्हातारा कोण?" डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं.

कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकावर पाच माणसं बसली होती. धुतलेल्या टोप्या, स्वच्छ धोतरं, एकाने तर दाढीला ताजी मेंदी लावलेली. सगळे चाळिशीच्या आसपासचे. मला घाम फुटला.

सत्तरच्या दशकात मी वाशीमला प्राणिशास्त्र शिकवत होतो. मूळचा सातारचा. डॉक्टरसाहेब मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून आले होते. माणूस म्हातारा का आणि कसा होतो, हा त्यांचा विषय. त्या शास्त्राला जेरोन्टॉलॉजी म्हणतात. नाव उच्चारतानाच दोन दात पडावेत, असं. संस्थेला एक ट्रेनी हवा होता, तोही आडगावचा, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेला. होस्टेलचा आणि पुढच्या एम.एस्सी.चा खर्च संस्था करणार होती.

आमच्याकडे एम.एस्सी. नव्हतं. शिरपूर जैन या गावची सुशीला माझ्या वर्गातली सगळ्यांत तल्लख मुलगी. बाप शेतमजूर, घर बौद्ध. तिला परगावी ठेवून शिकवणं त्या घराला झेपणारं नव्हतं. ही जागा गेली की तिचं शिक्षण संपलं, हे तिला आणि मला दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी तिच्यासकट पाच मुलांना इंटरव्ह्यूसाठी घासूनपुसून तयार केलं. उभं कसं राहायचं, उत्तर कसं द्यायचं. मुख्य म्हणजे बोली. "ते 'काहून' विसरा. 'का' म्हणा, 'का'." मुलं दिवसभर 'का, का' करत फिरायची. कॉलेजात कावळ्यांची शाळा भरली होती.

इंटरव्ह्यूत प्रॅक्टिकलही होतं. डायनॅमोमीटर नावाचं एक यंत्र असतं. मुठीत धरून दाबलं की काटा हाताचा जोर दाखवतो. वय वाढतं तसा हा जोर कमी होतो. तो मोजायला म्हातारी माणसं हवीत. आदल्या दिवशी मी मुलांना, जरा त्यांच्यातलाच एक होऊन, फर्मावलं, "उद्या एकेक बुढा घेऊन या."

आता वऱ्हाडात 'माझा बुढा' म्हणजे माझा बाप. मग तो पस्तिशीचा का असेना. हे मला सोडून अख्ख्या वाशीमला माहीत होतं.

प्राचार्य अकोल्याचे. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि झाला प्रकार ऐकून कपाळावर हात मारला. "तुमाले वऱ्हाडी बोलाले कोनं सांगतलं होतं?"

तेवढ्यात मेंदीवाल्या दाढीला आपण कशासाठी आलो ते कळलं. हे शेखभाई, बसस्टँडजवळचे सायकलवाले. ते मुलावर उखडले. "मेरेको बुढ्ढा बोल के लाया?"

"अब्बा, सरनंच सांगतलं," रफीक कळवळला.

"सर की उमर क्या है? सर को बिठाव इधर!"

डॉक्टरसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला एस.टी. गाठायची आहे. आमच्या पाहणीत साठीच्या पुढचेच लोक आहेत. पुन्हा येऊ केव्हातरी." मुंबईच्या माणसाचं 'केव्हातरी' म्हणजे कधीच नाही. त्यांनी बॅग उचलली.

सुशीलाने यंत्र बापाच्या मुठीत देऊन ठेवलं होतं. ती तशीच वळली.

"साहेब, साठच काहून?"

इतक्या दिवसांचा 'का' पाण्यात.

"कारण म्हातारपण तिथून सुरू होतं."

"आमच्या वस्तीत तं मानूसच तिथं सरते. माह्या बुढ्याची चाळिशी आत्ताच सरली. पाठ वाकली, दाढा गेल्या, सांजीले नीट दिसत नाई. तुमी साठीपासून मोजसान तं टिकले तेवढेच मोजसान. जे तिथवर पोचलेच नाई, त्याईले कोन मोजन?"

डॉक्टरसाहेबांनी बॅग खाली ठेवली. मग बाकावरून तिचा बाप म्हणाला, "पोरी, मी जित्ता आहो न अजून. मले मेल्यावानी काहून सांगून राह्यली?"

आधी डॉक्टरसाहेब हसले, मग आम्ही. त्यांनी खुर्ची ओढली आणि पाचही बुढ्यांची पकड सुशीलाकडून मोजून घेतली. शेखभाईंनी चेहरा लाल होईपर्यंत यंत्र दाबलं. "लिखो, जवान!" एस.टी. गेली. साहेब सुशीलाला प्रश्न विचारत बसले, आणि ती वऱ्हाडीतच उत्तरं देत राहिली. मी तिला अडवलं नाही. मला तिचा अभिमान वाटत होता.

निवड तिचीच झाली. पुढे त्या पाहणीत चाळिशीपासूनची माणसं घेतली गेली. डॉक्टरसाहेबांनी त्याला 'माझी नवी पद्धत' म्हटलं. मोठ्या माणसांचं असंच असतं. रफीक शाळामास्तर झाला. त्याच्या अब्बांनी मात्र माझी सायकल पुन्हा कधी धड दुरुस्त केली नाही.

मी रिटायर झाल्यावर सुशीला स्वतःच्या पाहणीसाठी वाशीमला आली, बरोबर दोन विद्यार्थिनी. तिने तसलंच यंत्र माझ्या मुठीत दिलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे कोण?"

"हे माहे बुढे," सुशीला म्हणाली.

मी जीव खाऊन दाबलं. काटा जेमतेम हलला.

दुसऱ्याची बोली बोलण्याआधी शब्दाचा अर्थ विचारून घ्यावा, हा धडा मी नोकरीत शिकलो होतो. या खेपेला मात्र मी अर्थ विचारला नाही.