तीन तांडेलांचं एक खडप

आठ-दहा मीटर खाली, हिरव्या गढूळ पाण्यात, मला पडद्याची सळई दिसली.

सळई आमच्याच ऑफिसची होती. तिचे तुकडे करून आम्ही खुंट्या केल्या होत्या आणि पिवळी चिंधी बांधलेली एक खुंटी पहिल्या रीफवर ठोकली होती. आज मात्र आम्ही तिसऱ्या रीफवर होतो. मी जोडीदार देसाईला खुंटी दाखवली. त्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. पाण्याखाली या खुणेचा अर्थ 'सगळं ठीक'. ठीक काहीच नव्हतं.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी रत्नागिरीत समुद्री जीवांचा अभ्यास करणाऱ्या एका कार्यालयात होतो. डायव्हिंग शिकलेले आम्ही दोघंच. आमचे साहेब लक्षद्वीपचा दौरा करून आले ते निळ्याशार पाण्याचे फोटो घेऊनच.

"स्कूबासाठी रत्नागिरीतले सर्वोत्तम तीन रीफ निवडा," ते म्हणाले.

"सर, आपल्याकडे रीफ म्हणजे खडकावर तुरळक वाढलेलं प्रवाळ. हात लांब केल्यावर स्वतःची बोटं दिसली, की आम्ही व्हिजिबिलिटी चांगली म्हणतो."

"मी दहा नाही मागितले. तीन."

"पण तीनच का?"

"ब्रोशरला तीन घड्या आहेत. निवडलेल्या जागी खुणेचा तरंगता बोया बांधू. तिथे मासेमारी बंद."

हे शेवटचं वाक्य माझ्याआधी मिरकरवाड्याच्या बंदरात पोचलं होतं.

पाण्याखालचे खडक मच्छीमारांना ठाऊक असतात. ते त्यांना खडपं म्हणतात. मी तीन तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, विचारलं. एक मिरकरवाड्याचा, एक काळबादेवीचा, तिसरे भाट्याचे भिकाजी तांडेल. प्रत्येक जण म्हणाला, "चला, सगळ्यात चांगलं दाखवतो." सरकारी कामाला तिघेही इतके चटकन तयार झाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आमच्याकडे जीपीएस नव्हतं. थंडीतल्या धुरकट हवेत किनारा म्हणजे एक पुसट रेघ. होडी वळणं घेत घेत जायची आणि दीपगृह कधी या खांद्यावर, कधी त्या. दुसऱ्या रीफवर देसाई म्हणाला, "हा दगड मी पाहिलाय." मी त्याला समजावलं की एकाच किनाऱ्यावरचे रीफ सारखेच असायचे. या साधर्म्यावर शोधनिबंध लिहावा, असंही माझ्या मनात आलं.

मग तिसऱ्या रीफवर ती सळई. मी ती उपटून वर आलो.

"तांडेल, ही खुंटी माझी आहे."

"मग न्या की घरी," भिकाजी म्हणाले.

"ती मी मिरकरवाड्याच्या होडीतून येऊन ठोकली होती. काळबादेवीवाल्यानेही बहुतेक इथेच आणलं."

भिकाजींनी आधी खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे त्या दोघांनीपण हेच दिलानी?" आणि ते इतके हसले, की होडी हलायला लागली. "मेल्यांनी जाळी फाडणारं खडप दिलानी!"

"आणि तुम्ही?"

"मी काय येडा हाय? तुम्ही चांगलं मागितलंत. चांगलं कोण देतो?"

खडपाभोवती मासा जमतो, म्हणून प्रत्येक घराचं आपलं एक खडप असतं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या, की ते सापडतं. त्या खुणा जावयालाही सांगत नाहीत. तेव्हा तिघांनी एकमेकांना न विचारता एकच खडप दिलं. जे कोणाच्याच कामाचं नव्हतं, ते.

भिकाजींचं हसू थांबलं. "साहेब, बोया इथेच ना बांधणार? आमची खडपं शोधायला नाय ना लागणार तुमचे मोठे साहेब? माझ्या एका खडपावर चार चुली हायत."

याचं उत्तर मला ऑफिसात कळलं.

"एकच? मग आणखी दोन शोधा," साहेब म्हणाले. "त्या तांडेलांना बोलवा, त्यांची स्वतःची खडपं दाखवायला लावा."

तोवर माझ्या डोक्यातला गाळ जरा बसला होता. प्रवाळ मोडतं ते जाळ्यांनी आणि नांगरांनी. या खडपावर जाळं फाटतं, म्हणून तिथे कोणी जाळं टाकत नाही. म्हणूनच तिथे प्रवाळ टिकलं. तिघांनी मला फसवलं होतं, आणि उत्तर बरोबर दिलं होतं.

"सर, जिथे रोज मासेमारी होते तिथलं प्रवाळ मोडलेलं असणार. फोटो कशाचा काढणार?"

"आणि घड्या?"

"एकीवर फोटो, दुसरीवर नकाशा, तिसरीवर तुमचं मनोगत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मनोगत त्यांना पटलं. बाकीच्या खडपांचा विषय तिथेच संपला. मी भाट्याला जाऊन भिकाजींना सांगितलं. त्यांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितला.

उद्घाटनाला आलेले पाहुणे पाण्यात उतरले, थोड्या वेळाने वर आले आणि त्यांनी विचारलं, "रीफ कधी येणार?" ते रीफवरच होते. बोया पहिल्याच पावसाळ्यात तुटून गेला, ब्रोशर मात्र बरीच वर्षं टिकलं. भिकाजींचं खडप कुठे आहे, ते मला आजही माहीत नाही.

सर्वोत्तम जागा विचारली, की लोक आपल्याला नको असलेली जागा दाखवतात. आमच्या समुद्रात तरी दोन्ही एकच निघाल्या.