साळवे काकांना न सांगितलेलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला वाटतं, मला ताप नंतर आला.

नाशिकरोडला माझा दवाखाना आहे. कोरोनात लोक आजारापेक्षा धास्तीनंच जास्त खचले होते. मी त्यांच्याशी बोलायचो, धीर द्यायचो. साळवे काका त्यातलेच, कारखान्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्या लाटेत काकू गेल्या, आणि तेव्हापासून दर सोमवारी येऊन ते एकच विचारायचे, "डॉक्टर, मीच आणला ना आजार घरात?" काकू आजारी पडायच्या आधी ते एकदाच, भरलेल्या जीपनं, सिन्नरला भावाकडे जाऊन आले होते. तेवढंच मनात धरून बसले होते.

"ते कुणालाच ठामपणे सांगता येत नाही, काका," मी म्हणायचो. झोपेची गोळी लिहून द्यायचो. पाठीवर हात ठेवायचो — कुठल्या तोंडानं?

कारण काकू आजारी पडायच्या चार दिवस आधी माझ्याकडे आल्या होत्या. बीपी तपासायला. त्या दिवसांत त्या दुसरीकडे कुठंच गेल्या नव्हत्या. मला आदल्या संध्याकाळपासून कणकण होती. सकाळीच स्वॅब देऊन आलो होतो, रिपोर्ट यायचा होता. तरी दवाखाना उघडला. का? बाहेर रांग होती म्हणून? की डॉक्टरच आजारी म्हटल्यावर लोक दुसरीकडे जातील म्हणून? चष्म्यावर वाफ धरत होती. मी मास्क नाकाखाली ओढला आणि त्या दिवसांत सगळ्यांचा पाहायचो तसा वाकून त्यांचाही घसा पाहिला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. 'घरगुती कारणामुळे बंद' अशी पाटी दारावर लावली. काकूंचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन — वेळेवर दाखवायला तरी गेल्या असत्या. मी केला नाही.

पुढे एका सोमवारी काका म्हणाले, "खरं काय ते कळलं ना, तर दोन घास तरी जातील हो."

ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. मी म्हणालो, "फार विचार करू नका."

काकांचं जेवण सुटलं. मग त्यांनी स्वतःच्या बीपीच्या गोळ्याही सोडल्या. दिवाळीच्या आत गेले — स्वतःलाच दोष देत.

त्यांचा मुलगा दवाखान्यात आला. "बाबांना शेवटपर्यंत तुमचाच आधार होता," म्हणाला, आणि वाकला.

मी त्याला पाया पडू दिलं.