झाकणावरचा स्क्रू

माफ करा, लिहायला बसण्याइतका मी मोठा नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नाही. मी लिहितो ते परीक्षेपुरतं. पण हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईलाही नाही.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना रविवारी मी मुळा धरणावर, सहलीच्या मोटरबोटीवर कामाला जायचो. बोट चालवायचे दगडूमामा. शिक्षण चौथी. इंजिनाला कान लावून म्हणायचे, "आज घसा बसलाय हिचा." मला हसू यायचं — हा माणूस मला काय शिकवणार?

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक लहान स्क्रू असतो. तो सैल नसला तर इंजिनाला पेट्रोल ओढता येत नाही. एका रविवारी सकाळी मामांनी तो सैल केला होता. मी तो आवळला. आमच्या पारनेरकडे धुळीपायी डिझेलचा कॅन आवळूनच ठेवतात ना — मामांचा गबाळेपणा, असं मनात म्हणत आवळला.

भर पाण्यात इंजिन बंद पडलं. मामांनी पंख्यात शेवाळ अडकलंय का ते पाहिलं, प्लग पुसला, दोरी ओढून ओढून घामाघूम झाले. झाकणाकडे कशाला बघतील? ते तर त्यांनी स्वतः पाहिलं होतं. एक पाहुणा म्हणाला, "मामा, पोहत न्यायचा विचार आहे का आम्हाला?" सगळे हसले. मीही.

मग पेट्रोलच्या नळीतला, दाबून इंजिनाकडे पेट्रोल ढकलायचा रबरी फुगा दिसला — चपटा, आत ओढला गेलेला. तेव्हा कळलं, मी आवळलेल्या स्क्रूनं हवा अडलीय. मामा इंजिनावर वाकलेले असताना मी स्क्रू सैल केला, फुगा दाबला, म्हणालो, "ओढा आता." इंजिन चालू. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या — मला.

काठावर बोटीच्या मालकानं विचारलं, काय झालं होतं? "मामा स्क्रू उघडायला विसरले," मी म्हणालो. शांतपणे. घाबरून म्हणालो असतो तर निदान भित्रा ठरलो असतो. मला टाळ्या सोडवत नव्हत्या — इतका हलका माणूस मी.

"म्या उघडला हुता की..." मामा म्हणाले. पुढच्या रविवारी बोटीवर दुसराच माणूस होता. मी विचारलं का, मामा कुठे गेले? नाही.

परवा राहुरीच्या स्टँडवर त्यांचा जावई भेटला. म्हणाला, "दुसऱ्या बोटीवाले लई बोलावत्यात, पर जात न्हाईत. म्हंत्यात, मला इसर पडतोय, लोकांची लेकरं बुडवीन. त्या शिकलेल्या पोरानं येळेवर चूक धरली म्हनून बरं झालं, म्हंत्यात."