‘ता.’ आणि पेन्सिलीची फुली

कासीमभाऊ गेले ही बातमी मला चिठ्ठीतून कळली, आणि ती चिठ्ठी टाइप करायची पाळी माझ्यावरच! लोणावळ्याच्या आमच्या दवाखान्यात गावोगावच्या पाटलांकडून मृत्यूच्या चिठ्ठ्या यायच्या. भाऊ कंपाउंडर, रजिस्टर त्यांच्याकडे, मी टायपिस्ट. नाव, गाव आणि पुढं रोग, तोही एका अक्षरात. प. म्हणजे पटकी, अर्थात कॉलरा, दे. म्हणजे देवी, ता. म्हणजे ताप. चिठ्ठीत असेल तेच लिहायचं, असा नियम. मी नवी होते, धडाधड टाइप करायचे. एकदा पानभर नुसतं ता., ता., ता.... भाऊ मागं येऊन उभे राहिले.

"बाई, तुमचं मशीन लय पळतंय. ह्यो ताप कुणी बघितला?"

"पाटलांनी."

"पाटील नाडी बघतो व्हय?"

पटकी लिहिली की लस टोचणारे येणार, विहिरीत लाल औषध पडणार, जत्रा बंद होणार. म्हणून पाटील सरळ ताप लिहायचे. संशय आला की भाऊ त्या ता.शेजारी पेन्सिलीनं बारीक फुली मारायचे आणि सुट्टीला आंदर मावळात चालत जाऊन घरच्यांना विचारायचे, पटकी निघाली तर डॉक्टरांना सांगायचे. मला हसू यायचं. मग एक दिवस त्यांनी जुनं रजिस्टर उघडलं. एका ता.शेजारी फुली होती, पण पाय दुखत होते म्हणून ते विचारायला गेलेच नव्हते. खाली त्याच गावची आणखी सात नावं! भाऊ त्या पानावर हात ठेवून बसून राहिले...

गेल्या महिन्यात ते बहिणीकडे गावी गेले, ते गेलेच. चिठ्ठीत लिहिलेलं: ताप. त्या गावची आठवड्यातली तिसरी चिठ्ठी. मी ता. टाइप करायला गेले. मागं कुणी नव्हतं, तरी ऐकू आलं, "ह्यो ताप कुणी बघितला?"

फुली मारली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच चालत सुटले. त्यांची बहीण, रहिमामावशी, ओट्यावर बसली होती.

"ताप कुटला गं बाय! उलट्या न् जुलाब. पाटील म्हनला, जत्रा तोंडावर हाय, ताप लिवतो."

शेजारच्या घरात एक पोरगी तशीच पडलेली. मी तडक परत येऊन डॉक्टरांना सांगितलं. विहिरीत औषध पडलं, जत्रा झाली नाही, पाटील मला शिव्या घालतो. पोरगी वाचली.

भाऊंच्या नावापुढं मी प. लिहिलं. फुली पुसली नाही.

अजूनही ता. टाइप करताना खांद्यापाशी त्यांच्या कोटाचा फिनेलचा वास येतो... मी वळून बघत नाही. पेन्सिल शोधते.