तोंडात शिंगाडा, डोक्यावर आभाळ

चार उकडलेले शिंगाडे एकटीनं खाता यावेत म्हणून मी माझ्या घराचं छप्पर उघडून घेतलं होतं. नातवंडं हा किस्सा पाहुण्यांना सांगतातच, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

वडिलांच्या नोकरीपायी मी वाढले शिमल्यात. तिथं पाहुणा आला तरी आधी दार लावायचं, मग नमस्कार, नाहीतर आई ओरडायची, "वारा आत येतोय!" लग्न होऊन बालाघाटला आले ती दोन जाड स्वेटर आणि दार लावायची ही सवय घेऊन. सगळा मोहल्ला हिंदी, त्यात आमची गल्ली तेवढी मराठी. यजमान तिला बेट म्हणायचे. या बेटावर दारं होती, पण कशासाठी, ते मला कळेना. शेजारच्या मावशी चपला काढता काढताच विचारायच्या, "काय रांधलं वो बाई?" आणि उत्तराआधी झाकण उचलायच्या. एकदा मी न्हाणीतून केस पुसत आले, तर त्या माझ्या पलंगावर बसून माझ्याच वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. मी किंचाळले.

"भेली का? मीच तं आहो," त्या म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.

थंडीचे दिवस होते. म्हणजे इथले लोक ज्याला थंडी म्हणतात ते. यजमान लालबर्ऱ्याला गेलेले. दारावर गरम शिंगाडे विकायला आले, मी घेतले आणि मनात पाप आलं: आज कोणाला द्यायचे नाहीत. भरदिवसा आतून कडी लावली आणि रजईत शिरले.

"बाई! वो बाई!"

मावशीच. मी श्वास रोखला. आमच्या शिमल्यात दार उघडलं नाही की माणूस समजून निघून जायचं. इथं ते जाईना. उलट एकाची दहा झाली.

"आतून कडी हाय!"

"काहून लावली असन?"

"कालपासून तोंड उतरलं होतं तिचं."

उतरलं नव्हतं. माझं तोंडच तसं आहे. आता उघडावं तर लाज वाटत होती, म्हणून मी, शिमल्याची शहाणी, रजई डोक्यावरून घेतली.

थोड्या वेळानं वर खडखड झाली. रजई बाजूला करून पाहते तो छपराचे कवेलू सरकत होते. अंगावर धूळ पडली, मागोमाग ऊन, आणि भोकातून एक डोकं आत डोकावलं.

"जित्ती हाय! खाऊन राह्यली!"

मी कडी काढली. अख्खी गल्ली अंगणात. एकाच्या हातात दार फोडायला सब्बल, एकीच्या हातात पाण्याचा लोटा. आता हसतील, असं वाटलं. कोणीच हसलं नाही. मावशी पायरीवर बसल्या होत्या, तोंडात पदर कोंबून. माझ्या तोंडातला शिंगाडा गिळवेना की थुंकवेना. कसाबसा एका गालात सारून मी म्हटलं, "मला वाटलं, दार उघडलं नाही की तुम्ही निघून जाल."

मावशींनी पदर काढला.

"माही लेक तिच्या सासरी अशीच कडी लावून तापात पडली होती, बाई. झोपली असन म्हणून मी दारावरून वापस गेलती. आता कोनाच्याच दारावरून वापस नाही जात."